व्हॉलीबॉल खेळणारा हुकूमशहा

निकोलाय चाउशेस्कूला व्हॉलीबॉल येत नव्हता. ज्याच्या नुसत्या भुवईकडे पाहत अख्खा रुमानिया जवळजवळ पाव शतक जगला, तो हा माणूस सुट्टीच्या दिवशी सहकाऱ्यांबरोबर जाळ्यापाशी उभा राहतो, चेंडू आला की कसेही हात मारतो आणि आपण छान खेळलो अशा समजुतीनं हसतो. पलीकडच्या बाजूची मंडळीही, मला तरी असं वाटतं, जावयाला पत्त्यांत जिंकू देणाऱ्या सासऱ्याच्या सोशिकपणानं खेळत असतात. थिएटरात हलकीशी खसखस पिकते. आणि त्या अंधारात आपल्याला आपलंच काहीतरी चमत्कारिक कळून येतं. हा माणूस क्षणभर का होईना, आपल्याला आवडलेला असतो. पुढच्याच क्षणी आपण दचकून सावरून बसतो, आजूबाजूला पाहतो, कुणाच्या लक्षात तर आलं नाही ना म्हणून. कणव ही फार आगाऊ पाहुणी आहे. पत्ता न विचारता येते आणि नको त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसते.

हे दृश्य आंद्रेई उझिका या दिग्दर्शकाच्या ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ निकोलाय चाउशेस्कू’ या माहितीपटातलं. २०१० साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. लांबी तीन तास, आणि त्या तीन तासांत उझिकानं स्वतः चित्रित केलेला प्रसंग एकही नाही. सगळं सरकारी दफ्तरातून उचललेलं, साहेबांच्या कॅमेरामननी साहेबांसाठीच टिपलेलं. फक्त सुरुवातीला चाउशेस्कू पती-पत्नीवर तर्गोविश्तेत चालवलेल्या त्या घाईच्या खटल्याची व्हिडिओ-चित्रफीत येते. डिसेंबर १९८९. ओव्हरकोट घातलेलं एक म्हातारं जोडपं टेबलामागे अवघडून बसलंय आणि म्हातारा ठणकावून सांगतोय, तुमच्या प्रश्नांना मी उत्तर देणार नाही. तिथून चित्रपट मागे उडी घेतो तो थेट १९६५ मध्ये, पूर्वीच्या नेत्याच्या अंत्ययात्रेत, जिथे हा तरुण वारसदार पहिल्यांदा पुढे येतो. मग वर्षं झरझर सरकतात. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर बुखारेस्टच्या चौकात त्यानं केलेला निषेध, आणि त्याला मिळालेल्या, बहुधा खऱ्याखुऱ्या, टाळ्या. पाहुणा म्हणून आलेला निक्सन. इंग्लंडच्या राणीबरोबर बग्गीतून फेरफटका. उत्तर कोरियात अख्खं मैदान फुलांच्या ताटव्यासारखं डोलताना पाहून त्याच्या डोळ्यांत उतरलेली हावरी चमक. अस्वलांची शिकार. दुकानांतून काठोकाठ रचलेल्या पावांची पाहणी. हे सगळं काहीही न सांगता समोरून जातं. निवेदक नाही, मुलाखती नाहीत, चष्मा पुसत खुलासा करणारा इतिहासाचा प्राध्यापकही नाही.

आणि भांडण लागतं ते इथेच. ज्यांनी त्या देशात पावासाठी पहाटेपासून रांगा लावल्या, हिवाळ्यात गारठलेल्या घरांत कोट घालून जेवणं केली, १९६६ च्या गर्भपातबंदीच्या फर्मानानं ज्यांच्या घरातल्या बायका गेल्या, ते विचारतात, आमची रांग कुठेय? प्रश्न वाजवीच आहे. चित्रपटात रांग नाही, कारण रांगेचं चित्रण करायला सरकारी कॅमेरा कधी गेलाच नव्हता. उझिकाचं म्हणणं त्यानं नावातच सांगून टाकलंय. हे आत्मचरित्र आहे, आणि आत्मचरित्रात माणूस स्वतःला जसा दिसतो तसाच दिसतो, खोटेपणासकट. पण पडद्यावरच्या त्या भरल्या दुकानांकडे पाहताना एखाद्याला आपली तरुणपणीची नोकरी, आपलं पहिलं घर, हातात कागदी झेंडा घेऊन काढलेली मिरवणूकही आठवू शकते. त्याचे डोळे भरून आले तर ते चाउशेस्कूसाठी नसतात, पण शेजारच्या खुर्चीवरून तसा भेद करता येत नाही.

आपल्याकडे असे चित्रपट पाहायला जमतो तो फिल्म सोसायटीचा प्रेक्षक. केस पिकलेले, शबनम पिशवी केव्हाच खुंटीला टांगलेली, पण मतांची धार तशीच. खेळ संपला की ही मंडळी थेट घरी जात नाहीत, जिन्यात थबकतात. एक गृहस्थ रागावून म्हणतात, “हे सरळसरळ उदात्तीकरण झालं.” दुसरे तितक्याच रागानं, “उदात्तीकरण कसलं? टवाळी केलीय माणसाची!” गंमत म्हणजे दोघंही व्हॉलीबॉलबद्दलच बोलत असतात. चेंडू एकच, पण एकाला त्यात नको इतका माणूस दिसतो आणि दुसऱ्याला नको इतका बावळट. मी एक पायरी खाली उभा राहून दोघांच्या मधून वाट काढत असतो आणि मनातून दोघांनाही दुजोरा देत असतो.

या संतापाचं मूळ मला पुष्कळदा आपल्या लहानपणात सापडतं. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं, आणि पुढे कित्येक दशकं मुख्य चित्रपटाआधी त्यांचा वार्तापट किंवा माहितीपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. त्यातला तो भारदस्त आवाज आठवा. धरण दिसण्याआधीच त्या धरणाकडे पाहून आपल्याला काय वाटायला हवं हे तो सांगून मोकळा व्हायचा. १९५५ साली सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन हार घालून घेत भारतभर फिरले तेव्हा त्यांच्याबद्दलही आपल्याला असंच तयार मत मिळालं होतं, गरम गरम. आवाजाच्या त्या बोटाला धरून चालायची सवय झालेल्या पिढीला उझिकानं तीन तास गर्दीत एकटं सोडलं, तर ती बावरणार नाही तर काय होईल? आपल्याला राग येतो तो चाउशेस्कूचा कमी आणि बोट सोडून गेलेल्या त्या आवाजाचा जास्त.

आमचे थोरले मामा लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत होते आणि लाल बावट्याचे होते. त्यांच्या खोलीत मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन अशा चार तसबिरी ओळीनं असायच्या. दसऱ्याला मामी शिवणयंत्राला झेंडूची माळ घालायची, आणि उरलेल्या फुलांचं काय करायचं म्हणून या चौघांनाही एकेक. मामा पहिल्या वर्षी तत्त्वासाठी भांडले म्हणे. नंतर मात्र मार्क्सची माळ वाकडी झाली की तेच सरळ करायचे. १९५६ मध्ये खुद्द मॉस्कोत क्रुश्चेव्हनं स्टालिनचे अत्याचार बोलून दाखवले, पण ते भाषण लालबागच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायला आणि पटायला दोनेक दशकं लागली. पटलं, तरी तसबीर उतरेना. मामीचं म्हणणं असं, की स्टोव्हच्या धुरानं भिंत काळवंडलीय, काढली तर मागे पांढरा चौकोन दिसेल. शेवटी तसबीर उतरली, तिच्या जागी कालनिर्णय लागलं. पण कालनिर्णयापेक्षा स्टालिन चांगला वीतभर रुंद होता. दोन्ही बाजूंनी डोकावणाऱ्या त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून मामांच्या श्रद्धेचं नेमकं माप कुणालाही घेता आलं असतं. ते स्वतः मात्र तिथे फक्त तिथी बघायचे.

गेलेल्या नेत्याचं माणसाच्या मनात असंच काहीतरी होऊन बसतं. ते कॅमेऱ्यात पकडायची भन्नाट युक्ती झेलिमिर झिल्निक या दिग्दर्शकानं १९९४ साली बेलग्रेडमध्ये केली. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो जाऊन चौदा वर्षं झाली होती, त्या देशाचे तुकडे पडले होते, शेजारी बोस्नियात युद्ध चालू होतं आणि निर्बंधांनी लोक मेटाकुटीला आले होते. झिल्निकनं एका नटाला मार्शल टिटोचा गणवेश चढवला आणि दिलं सोडून भर रस्त्यात. समोरचा माणूस नट आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरीही लोक थांबले, गोळा झाले आणि टिटोशीच बोलावं तसे त्याच्याशी बोलू लागले. कुणी शिव्या घातल्या, कुणी तुमच्या वेळी किती बरं होतं याची उजळणी केली, कुणी सगळ्या आजच्या दुःखाचा जाब त्यालाच विचारला. दुभंगलेला प्रेक्षक इथे चित्रपट पाहत नाही, तोच चित्रपट होतो. मला सगळ्यांत लोभस वाटतो तो नट. टिटोचं पाप आणि पुण्य दोन्ही बिचाऱ्यानं गणवेशासकट अंगावर घेतलंय, आणि तो मान डोलावत सगळं ऐकून घेतोय. हयात नेत्याला हे कधी जमलं नसतं.

हयात नेत्याची पंचाईत वेगळीच. दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोननं क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोबरोबर दिवसच्या दिवस गप्पा मारून ‘कोमांदांते’ तयार केला. चित्रपट पुरा झाला, पण कॅस्ट्रो कुठे पुरा झाला होता? २००३ च्या वसंतात त्याच्या सरकारनं पंचाहत्तर विरोधकांना तुरुंगात टाकलं आणि बोट पळवणाऱ्या तिघांना गोळ्या घातल्या. एचबीओ वाहिनीनं चित्रपट दाखवायचा बेत रद्द केला आणि स्टोनला आणखी प्रश्न घेऊन पुन्हा क्यूबाला पाठवलं. पोर्ट्रेट वाळायच्या आत मॉडेलनं हालचाल केली की असं होतं.

तरी मी पुन्हा पुन्हा वळतो ते उझिकाच्या चित्रपटाकडेच, आणि आता चाउशेस्कूपेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या सभागृहांकडे. काय एकमत! ओळीच्या ओळी उठतात, टाळ्या वाजवतात, बसतात, पुन्हा उठतात. त्या तीन तासांच्या टाळ्यांत वेगळं मत असलेला एकच माणूस लक्षात राहतो. नोव्हेंबर १९७९ चं पक्षाचं अधिवेशन, आणि कॉन्स्टँटिन पर्वुलेस्कू हे चौऱ्याऐंशी वर्षांचे जुने कम्युनिस्ट. ते उभे राहतात आणि सांगतात, की या गृहस्थांना देशापेक्षा स्वतःची काळजी जास्त आहे, त्यांना माझं मत नाही. सगळं सभागृह त्यांच्यावर खवळून उठतं आणि साहेबांच्या नावाचा घोष करतं. हजारोंच्या त्या सभेत एवढा एकच प्रेक्षक दुभंगला होता.

त्यानंतर दहा वर्षांनी, २१ डिसेंबर १९८९ ला, बाल्कनीतून भाषण चालू असताना खालच्या चौकातला आवाज एकाएकी बदलला. ते दृश्य उझिका आणि हारून फारोकी यांच्या १९९२ सालच्या ‘व्हिडिओग्राम्स ऑफ अ रेव्होल्यूशन’मध्ये आहे. चाउशेस्कू थांबतो, हात वर करतो, आणि मग काय म्हणतो? “अलो! अलो!” फोनवर पलीकडचं ऐकू येईनासं झालं की माणूस म्हणतो तसं. विरोध कसा ऐकू येतो हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे यंत्रात काहीतरी बिघाड झालाय अशीच त्याची समजूत झाली असावी. थोड्या वेळानं त्यानं किमान पगार २००० लेईवरून २२०० करून पाहिला. दोनशे लेईंत एकमत परत मिळेल अशी ती केविलवाणी आशा पाहताना व्हॉलीबॉलच्या वेळची ती आगाऊ पाहुणी पुन्हा येते. या वेळी मी तिला हाकलत नाही. रांगेतल्या माणसांसाठीही ती येते, बाल्कनीतल्या त्या गोंधळलेल्या म्हाताऱ्यासाठीही येते, आणि एकासाठी आली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही, एवढं मला आता समजलंय.

आमच्या जिन्यातला वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. पुढच्या खेळाला उदात्तीकरणवाले गृहस्थ हटकून आधी येतात आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून टवाळीवाल्यांची जागा धरून ठेवतात. चित्रपट संपल्यावर भांडायला माणूस जवळ हवा ना! मतभेद आणि रुमाल एकाच खिशात बाळगणारी अशी माणसं चाउशेस्कूच्या सभागृहात काही कामाची नव्हती.