एकोणपन्नास पैसे

जहाजाच्या वरच्या डेकवर कठड्याला रेलून सारी मंडळी पश्चिमेकडे पाहत असताना, सूर्यबिंब निम्मे समुद्रात बुडालेले असताना आणि कोणाच्या तरी ओठांवर एखादा बरा उद्गार नुकताच येऊ पाहत असताना, जो गृहस्थ खिशातून टिपणवही काढून ‘सेहेचाळीस पैसे’ असे शांतपणे जाहीर करतो, तो वाचकांच्या परिचयाचा असणारच. कारण ज्या सहलीत असा एकही इसम नव्हता, अशी सहल अद्याप निघालेली नाही. आमच्या वाट्याला आलेल्या या इसमास आम्ही ‘अव्वल कारकून’ म्हणतो. माणदेशातील एका कचेरीत, महसुलाच्या दप्तरात, सारी हयात घालवून ते त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले.

उभ्या पिकाची आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी तीन टप्प्यांत आणेवारी काढावयाची, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई मानावयाची, ही सरकारी रीत त्यांनी पेन्शनीच्या कागदांबरोबरच घरी आणली असावी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पुढे यथावकाश आणे चलनातून नाहीसे झाले, तरी आणेवारी जशी मामलेदार कचेरीतून हलली नाही, तशीच ती आमच्या या स्नेह्यांच्या जिभेवरूनही हलली नाही. फरक इतकाच की पूर्वी ती बाजरीची निघे, आता सृष्टिसौंदर्याची निघते.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या त्या विलासी जहाजावरील भोजनाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे अशक्य आहे. पन्नासेक पदार्थ मांडलेल्या त्या विस्तीर्ण मेजांवरून रिकामी थाळी हाती घेऊन त्यांनी एक पाहणी-फेरी काढली व नजरअंदाज आकडा चव्वेचाळीस लावला. श्रीखंडाच्या दुसऱ्या वाटीनंतर सुधारित आकडा सत्तेचाळीसवर गेला. आणि रात्रभर जठराचा अहवाल मागवून, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पेल्यासमोर, अंतिम आणेवारी त्रेचाळीस अशी कायम करण्यात आली. अभिप्रायाचा छापील तक्ता घेऊन आलेल्या तरुण व्यवस्थापकाने पाचांपैकी पाच तारे मिळावेत म्हणून केलेल्या अर्जवजा आर्जवाचा काहीएक उपयोग झाला नाही. अव्वल कारकुनांनी तक्त्यात दोन तारे भरले, खाली तारखेसह सही ठोकली आणि, हे मात्र आम्हांला त्या वेळी विचित्र वाटले, टेबलावर वाढणाऱ्या पोराच्या हाती एक चांगली घसघशीत नोट ठेवली.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’सारख्या बोटींनी ज्यांनी कोकण गाठले, ते वळकटीवर बसून जात, बोट लागली की कठड्याशी धावत, आणि बंदर आले की भर समुद्रात, हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या पडावात मुलाबाळांसह उतरत. त्या प्रवासाची आणेवारी कोणी काढली नाही. जिवंत पोहोचणे हेच पीक सोळा आणे समजले जाई. हल्लीच्या जहाजावर पोहण्याचा तलाव असतो, गाणे-बजावणे असते, आणि म्हणूनच बहुधा नापसंती व्यक्त करण्यास सवडही भरपूर असते.

पुढे एका सहलीत कास पठारावर अव्वल कारकुनांनी कुंपणाबाहेरून तेरड्याच्या जांभळ्या शेताची पाहणी करून एकेचाळीसवर मामला निकालात काढला. परंतु कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते हे कळताच, अशा पिकाची आणेवारी साताने भागावी किंवा कसे, या पेचात ते परतीच्या साऱ्या घाटात गढून गेले.

कळस झाला तो ताडोब्यात. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने, १९५५ सालचे राष्ट्रीय उद्यान. मोहर्लीच्या फाटकातून पहाटेच्या कडाक्यात आमची जिप्सी आत शिरली, सांबराचा इशारा ऐकू आला, वानरांनी झाडे हलवली, आणि बांबूच्या बेटातून एक वाघीण, मागोमाग तिचे तीन बछडे, अशी ती राजस स्वारी रस्त्यावर येऊन आमच्यापुढे चालू लागली. पुढची दहा मिनिटे कोणी श्वास घेतला असल्यास तो मला ऐकू आला नाही. ती दिसेनाशी झाल्यावर वहीचे पान उलटल्याचा आवाज झाला. ‘एकोणपन्नास.’

‘अहो, निदान वाघिणीला तरी एक पैसा वाढवून द्या!’ मी जवळजवळ ओरडलोच.

‘नाही जमायचं,’ ते म्हणाले, आणि फाटकाशी उतरताना गाइडच्या हाती त्यांनी नोट कोंबली. या वेळी मी हटकलेच. ‘टंचाई जाहीर केली ना आपण,’ त्यांनी खुलासा केला, ‘मग मदतवाटप नको?’ आकडा जितका खाली तितकी बक्षिसी मोठी, हा त्यांचा शिरस्ता तेव्हा कोठे माझ्या ध्यानात आला.

रात्री शेकोटीपाशी, मोहाच्या झाडाखाली, मी तो एका पैशाचा विषय पुन्हा काढला. बराच वेळ ते निखारे सारीत बसले. मग म्हणाले, ‘पन्नास लागले की गाव चांगल्यात जमा. सारा भरा, पंपाच्या बिलातली ३३.५ टक्के सूट विसरा, पोरांची परीक्षा-फी भरा. विहिरीत तर खडखडाट. आणेवारीच्या दिवशी बायामाणसं बांधावर उभी राहून तोंडाकडं बघायची हो. कणसाकडं नाही, माझ्या तोंडाकडं.’

किती गावांची कणसे त्यांच्या नजरेत अशी एक-दोन पैशांनी हलकी भरली, हे मी विचारले नाही. त्या एका पैशाच्या अफरातफरीची चौकशी करण्याचा अधिकार महालेखापालांचा आहे, माझा नव्हे. परंतु ज्या लेखणीने उभ्या नोकरीत पन्नासाचा उंबरठा ओलांडणे म्हणजे कोणाच्या तरी चुलीवर पाणी ओतणे असे मानले, तिने एका वाघिणीपायी शिस्त मोडावी, ही माझी अपेक्षा जरा जास्तच असावी. माणूस तऱ्हेवाईक आहे, सोबत म्हणून त्रासदायक आहे, आणि पुढच्या सहलीची यादी करताना त्यांचे नाव पहिल्या ओळीत घालावे लागते, हेही खरे.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत वाघ दिसला नाही. चितळे, दोन गवे आणि रस्ता ओलांडणारी रानकुत्र्यांची एक टोळी, एवढ्यावर परतावे लागले. तोच गाइड, मान मागे वळवून, अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाला, ‘साहेब, आज तर काहीच नाही जी. वीसच लावा.’

‘रानकुत्री दिसली आहेत. चाळीसच्या खाली उतरता येत नाही.’

‘पण लांबून दिसली जी! अन् पाठमोरी.’

मोहर्लीचे फाटक येईपर्यंत ही घासाघीस चालू होती. अखेर एकतीस पैशांवर तोड निघाली.