बोटशेठ

भोसरी एमआयडीसीतल्या शेठ मंडळींची परदेशवारी पूर्वी एकाच गावाला असायची, ते म्हणजे हॅनोव्हर. मशीन टूल्सचं प्रदर्शन बघायचं, हॉटेलच्या खोलीत बसून बाकरवडी खायची, कॅटलॉगांनी बॅग भरायची आणि परत येऊन जुन्याच मशीनवर नवं काम काढायचं. या वारीने कोणाच्या वागण्यात फरक पडल्याचं ऐकिवात नाही. क्रूझने पडला.

क्रूझ आली ती डीलरांच्या स्कीममधून. टायर विका, सिमेंट विका, कटिंग ऑइल विका, टार्गेट गाठलं की सिंगापूरहून बोटीवर तीन रात्री. शेठचं शॉप त्याच्या नावावर असतं आणि कटिंग ऑइलची एजन्सी बायकोच्या. त्यामुळे स्वतःच स्वतःला माल विकून टार्गेट गाठायची सोय असते. त्या वर्षी शॉपमधल्या मशीनना अभ्यंगस्नान घडलं आणि मार्चअखेर शेठ-वहिनींना बोर्डिंग पास मिळाले.

गेला तो शेठ. आला तो बोटशेठ.

माझ्या ओळखीत असे तिघेचौघे आहेत, कोणालाही घ्या, वर्णन तेच. वय पन्नाशीच्या पुढे. आधी टेल्कोत नोकरी, मग पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, आता सहा व्हीएमसी आणि चाकणच्या दोन कंपन्यांना ब्रॅकेटचा सप्लाय. घर निगडी प्राधिकरणात. जेवणाच्या बाबतीत बोटीआधी त्याची एकच अट असायची, ती म्हणजे लवकर आणा.

आता तो रेस्टॉरंटच्या दारात उभा राहतो. आत निम्मी टेबलं रिकामी असतात, एसीचं वारं अंगावर येत असतं, मागे वहिनी आणि मुलं ताटकळलेली असतात. पण शेठ हलत नाही. बोटीवर आपण जाऊन बसायचं नसतं, आपल्याला बसवतात.

"बसा की काका कुठंही," वेटर आतून म्हणतो.

"तू ये आणि बसव," शेठ म्हणतो.

बसल्यावर खरा कार्यक्रम सुरू होतो. बोटीच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये जुन्या रिवाजाप्रमाणे टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला, त्याच्या हाताखालचा मदतनीसही ठरलेला, आणि सगळ्या प्रवासात तीच जोडी तुम्हाला वाढते. वेटर पहिल्याच रात्री आपलं नाव सांगतो. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव असतं आणि खाली देश. शेठचा वेटर बालीचा होता. शेठने ही पद्धत निगडीत चालू करायची ठरवली.

"तुझं नाव काय रे?"

वेटरचा चेहरा उतरला. या धंद्यात गिऱ्हाईक नाव विचारतं ते मालकाकडे तक्रार करायची असेल तेव्हाच.

"गाव कुठलं?"

"कालाहांडी, साब," पोरगं हळूच म्हणालं. तोवर मॅनेजर धावत आला. "काय झालं शेठ? काही चुकलं का?" काहीच चुकलेलं नाही, ओळख करून घेतोय, हे त्याला पटेना. त्याने सूप बिलातून वजा करायची तयारी दाखवली. पुढच्या खेपेला तो पोरगा शेठला लांबून बघूनच किचनमध्ये शिरला आणि शेठ गेल्यावर बाहेर आला.

नॅपकिनचं तर विचारू नका. तिथे घडी घातलेला कापडी नॅपकिन मांडीवर, मध्येच उठलात तर खुर्चीवर, जेवण संपलं की ताटलीच्या डावीकडे. इथे ग्लासात खोचलेला कागदी त्रिकोण. शेठ तो उलगडून मांडीवर पसरतो, पंख्याच्या वाऱ्याने तो शेजारच्या टेबलाखाली जातो आणि शेठ दुसरा पसरतो. काटा-चमचा समांतर ठेवला म्हणजे जेवण झालं अशी तिकडची खूण. चाकणच्या एका मिसळवाल्याकडे शेठने दोन चमचे शेजारी-शेजारी समांतर ठेवले आणि मागे रेलून बसला. पोरगं आलं, चमचे बाजूला सारले आणि ताटलीत आणखी एक पळी तर्री ओतून गेलं. न मागता. माझं स्पष्ट मत आहे की या एका पळीपुढे बोटीवरची सगळी रेस्टॉरंटं फिकी पडतात, कारण तिथली जी खास, निवडक रेस्टॉरंटं असतात त्यात पाऊल टाकायचेच वेगळे पैसे पडतात. राजगुरुनगर रस्त्यावरच्या मटण-भाकरीच्या हॉटेलात तांबड्या रश्शाची बादली घेऊन फिरणारा माणूस तुमच्या भरल्या वाटीकडेही रिकामी असल्यासारखं बघतो. हे शेठला मी सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बादली दिसता कामा नये."

एका बाबतीत मात्र त्याची नजर पक्की आहे, आणि तिथे मी त्याला मानतो. बोटीवर गॅली, म्हणजे तिथलं स्वयंपाकघर, दाखवायला नेतात. बाकीचे डीलर तिथे फोटो काढत होते, शेठ घड्याळ लावून उभा होता. हजारभर माणसांचं सूप एका वेळेला बाहेर पडतं, मग त्यांचं मुख्य जेवण, मग गोड. वेटर एका थाळ्यावर झाकलेल्या दहा-बारा ताटल्या चढवून खांद्यावरून नेतो आणि चुकीच्या टेबलावर ताटली गेली असं होत नाही. परत आल्यावर त्याने दुपारच्या सुट्टीत कामगारांना हे रंगवून सांगितलं. पहिली बैठक सहाच्या सुमाराला, ती उठली की टेबलं पुसून टेबलक्लॉथ बदलून साडेआठला दुसरी.

"म्हणजे फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट," डबा उघडता उघडता एक ऑपरेटर म्हणाला.

"आणि मधे सेटिंग चेंज," दुसरा म्हणाला.

शेठ चमकला. पाळीला हजारभर माणसं, दोन पाळ्या, ठरलेला सायकल टाइम, झीरो रिजेक्शन. लाखभर रुपयांची मौज म्हणून तो जिथे तीन रात्री बसला होता ते चाकणच्या कुठल्याही मोठ्या कंपनीचं कँटीनच होतं, फक्त कूपनऐवजी खोलीचं कार्ड आणि स्टीलच्या खणांच्या ताटाऐवजी चिनी मातीची ताटली. पण हा विचार त्याला फार वेळ सोसला नाही. "तिथे मेणबत्ती असते," असं म्हणून तो केबिनमध्ये गेला.

मेणबत्तीवरून आठवलं. बोटींवर शेवटच्या दिवसांत 'बेक्ड अलास्का'ची मिरवणूक काढायची जुनी प्रथा आहे. केकवर आइस्क्रीम, वर अंड्याच्या पांढऱ्या फेसाचं भाजलेलं आवरण. दिवे मालवायचे, वेटरांनी ते मिरवत, नॅपकिन गरगर फिरवत टेबलांमधून नाचत यायचं. पूर्वी ज्योत खरी असायची, आता आगीच्या भीतीने बहुतेक ठिकाणी बॅटरीची असते. शेठच्या पुतण्याचं लग्न मोशीच्या एका लॉन्सवर झालं, तेव्हा त्याने केटररच्या वीस पोरांना ही मिरवणूक शिकवली. आइस्क्रीमच्या विटांवर फुलबाज्या, हातात रुमाल. ठरल्याप्रमाणे दिवे गेले. त्याबरोबर गावाकडचे एक मामा ओरडले, "अरे, जनरेटर लावा!" जनरेटरवाला इमानी, त्याने लावला. त्या धडधडाटात पोरं नाचत आली. वरातीची सवय, नाचली झकास. एका आजींनी रुमाल फिरवणाऱ्या पोराला थांबवलं, त्याच्या रुमालाला हात पुसले आणि "गुणाचं आहे लेकरू" म्हणून पुढे पाठवलं. मग स्वतः शेठ टेबलाटेबलापाशी जाऊन, बोटीवरचा हेडवेटर विचारायचा तसं, सगळं ठीक आहे ना म्हणून विचारू लागला. पाहुण्यांना त्यात नवल वाटलं नाही. यजमानाने पंगतीतून फिरून "सावकाश होऊ द्या" म्हणायचंच असतं.

पैशाच्या बाबतीत बोटशेठ दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. बोटीवर पूर्वी शेवटच्या रात्री वेटरच्या हातात पाकीट ठेवायची पद्धत होती. आता मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला पंधरा ते वीस डॉलर परस्पर खात्यावर टाकतात. शेठचे ते पैसे स्कीमवाल्या कंपनीने भरले होते, त्यामुळे ही पद्धत त्याला अत्यंत सुसंस्कृत वाटते. निगडीत बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला की मात्र तो मोबाइल काढतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलंय की हा चार्ज आपोआप लावता येत नाही, दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय, हे सगळं तो मॅनेजरला वाचून दाखवतो. चार्ज निघतो. मग तो खिशातून पाकीट काढून वेटरला देतो. पाकीट कुठलं, तर घरात लग्नाच्या मोसमात पडून राहिलेलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं आहेराचं. आत पन्नास. वेटर नाणं बघतो, पाकीट उलटसुलट करतो आणि विचारतो, "शादी कब है, साब?"

एवढं सगळं कशासाठी, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर मिळालं. मी काही कामासाठी गेलो होतो. शेठ तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, गळ्यात 'व्हिजिटर'चा पास, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटीने लावलेलं स्टिकर. पर्चेसवाल्याची भेट अकराची होती, साडेबारा वाजले होते. पंधरा वर्षं सप्लाय करतोय, पण आतला पोरगा दर दोन वर्षांनी बदलतो आणि फोनवर त्याला व्हेंडर कोडने ओळखतो. बोटीवर दुसऱ्या रात्री तो बालीचा वेटर खुर्ची मागे ओढून आडनावाने 'गुड ईव्हिनिंग' म्हणाला होता. "आणि हिचा चहा बिनसाखरेचा, हे त्याच्या लक्षात होतं," शेठ मला म्हणाला. "माझ्या नव्हतं."

ही किमया कशी होते ते त्याला भाच्याने सांगितलं. भाचा खेडकडचा, पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करून एका क्रूझवर वेटर लागलेला. या धंद्यात आपली माणसं काही आज गेलेली नाहीत. पी अँड ओच्या बोटींवर गोव्याचे स्टुअर्ड पिढ्यान्पिढ्या साहेबांना वाढत आले, दोन सफरींच्या मधे मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, मुक्काम करायचे, आणि गोव्यात तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, म्हटलं की अजून घराची इज्जत वाढते. आता त्यात आपल्याकडची पोरंही आहेत. भाचा सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून आला होता, रोजचे दहा तास, साप्ताहिक सुट्टी नाही. शेठने त्याच्या मानाखातर टेबल मांडलं, काटे-सुऱ्या मांडल्या. पोरगं सरळ खाली मांडी घालून बसलं आणि पिठलं-भाकरी हाताने चुरून खायला लागलं.

"मामा, टेबलांची यादी असते," तो म्हणाला. "नंबर, नाव, कोणाला काय चालत नाही. बैठकीआधी पाठ करायचं. शेवटी तुम्हाला मेलवर फॉर्म येतो, मार्क द्यायचा. त्यावर आमचं पुढचं."

"म्हणजे व्हेंडर रेटिंग," शेठ म्हणाला.

"तेच. दहा म्हणजे पास. नऊ दिले तर सुपरवायझर बोलावून घेतो."

शेठची भाकरी हातातच राहिली. त्याने आठ दिले होते. चांगले म्हणून. दहा कोणालाच द्यायचे नाहीत, माणूस ढिला पडतो, हे त्याला चाकणच्या ऑडिटरांनी शिकवलं होतं. "आता बदलता येईल का रे?" त्याने विचारलं. भाचा म्हणाला, फॉर्म बंद झाला असणार.

तेव्हापासून बोटशेठ कुठेही जेवला की आधी अभिप्रायाची वही मागवतो. डाळ गार आली असो, रोटी वातड असो, तो सगळ्या रकान्यांत दहा लिहितो, वेटरचं नाव लिहितो, त्याचं गाव लिहितो, आणि खाली शॉपचा जीएसटी नंबरसकट शिक्का मारतो. तो शिक्का आता गाडीतच असतो. परवा निगडीच्या मॅनेजरने वही वाचली, शेठकडे संशयाने बघितलं आणि म्हणाला, "शेठ, कितीही लिहा, शनिवार-रविवार डिस्काउंट बसत नाही."