हप्ता भरल्याशिवाय उठू नये

गृहकर्ज काढून कोणी श्रीमंत झाल्याचं ऐकलंय? मोटारीचं कर्ज काढून? नाही ना. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईने गटातून पन्नास हजार उचलले, की ती म्हणे उद्योजिका झाली! आपण घेतलं तर डोक्यावरचं कर्ज, तिने घेतलं तर सक्षमीकरण.

1976 साली मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना खिशातले 27 डॉलर दिले, तेव्हा हेतू सरळ होता: सावकाराच्या तावडीतून सोडवणं. 2006 मध्ये त्यांना आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं, तेही शांततेचं. अर्थशास्त्राचं नव्हे. समितीला बहुधा अंदाज असावा.

अर्थशास्त्राचं नोबेल 2019 मध्ये ज्यांना मिळालं, त्यांपैकी अभिजित बॅनर्जी (आई माहेरच्या पाटणकर, म्हणजे अर्धे आपलेच) आणि एस्थर डफ्लो यांनी हैदराबादच्या वस्त्यांत हेच छोटं गटकर्ज तपासून पाहिलं होतं. ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांनी तो थोडा वाढवला, काहींनी घरात टिकाऊ वस्तू घेतल्या. पण घरखर्च वाढला नाही, मुलांच्या शिक्षणात फरक पडला नाही, घरात बाईचा शब्दही जास्त चालू लागला नाही.

तरी अशी कर्जं देणाऱ्या कंपन्या छाती काढून सांगतात, आमची वसुली बघा! जरूर बघू. सकाळी गल्लीत कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी पडते. साहेब येतात, साहेब म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, पाठीला सॅक, हातात टॅब. बायका ओळीने बसतात, पासबुकात घडी घातलेल्या नोटा. एकीचा हप्ता कमी पडतो. साहेब काहीच बोलत नाहीत, नुसते बसून राहतात. बाकीच्यांची कामावर जायची वेळ टळत चाललेली. मग शेजारणीच बोलू लागतात आणि शेवटी पदराला खार लावून भरतात. याला जामीनगट म्हणतात. पुढच्या महिन्यात तीच बाई दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. दोन्ही कंपन्यांची वसुली उत्तम.

धंद्याचं म्हणाल, तर एका गल्लीत पाच शिलाई मशीन आली, म्हणून गल्लीतल्या बायका पाचपट ब्लाउज शिवून घेत नाहीत.

व्याज? घटत्या शिलकीवर 24 टक्के धरा. पन्नास हजारांचे दोन वर्षांत साधारण 63,400 होतात. महिना शेकडा पाच घेणाऱ्या सावकारापेक्षा हे नक्कीच बरं. आजारपण, शाळेची फी, पावसाळ्यातला पत्रा अशी नड यातून भागते, हेही मान्य. पण नड भागणं वेगळं आणि गरिबी हटणं वेगळं.

यात पैसा कोणी केला? ऑगस्ट 2010 मध्ये हैदराबादच्या एसकेएस या अशाच कर्जकंपनीचा शेअर बाजारात आला, तेव्हा त्यावर उड्या पडल्या. ऑक्टोबरात आंध्र सरकारला कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. मग रिझर्व्ह बँकेने व्याजाला मर्यादा घातली. 2022 मध्ये तीच उठवली. तुमचं तुम्ही ठरवा, फक्त लूट नको, असं सांगितलं. ऑक्टोबर 2024 मध्ये जादा व्याजाबद्दल चार कंपन्यांचं नवं कर्जवाटप थांबवावं लागलं. मांजरालाच शिंक्याची राखण दिली होती, दुसरं काय होणार?

त्याच 2022 च्या नियमांत काही कामाची कलमं आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. व्याज आणि सगळे आकार लिहिलेला कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायचा. तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींना एवढं सांगा, आणि तो कागद त्यांच्यासोबत बसून एकदा वाचा.