हातबंदी

शिकागोला लेकीकडे जाऊन तीन आठवडे झाले की बघण्यासारखं सगळं बघून होतं आणि जावई आपल्याला ‘काहीतरी वेगळं’ दाखवायला बाहेर काढतो. यंदाचं वेगळं म्हणजे एका कलादालनात मांडलेली जुन्या पिनबॉल यंत्रांवरची चित्रं. तिकीट माणशी अठरा डॉलर, ज्येष्ठांना दोन डॉलर सूट. मी ज्येष्ठ आहे हे खिडकीतल्या मुलीने न विचारता ओळखलं. पुढच्या मजकुरात थोडी कडवट चव लागली तर ती तिथली समजा.

आत पांढऱ्या भिंती, आणि कलाकृती टिकावी, प्रेक्षक नाही टिकला तरी चालेल इतका गारठा. बसायला एकच बाक, तोही असा ठेवलेला की हाही प्रदर्शनातलाच असावा या भीतीने कोणी टेकत नव्हतं. भिंतींवर ओळीने काचा. यंत्राच्या डोक्यावर जी उभी काच असायची, ती सोडवून टांगलेली. तोकड्या कपड्यातल्या बायका, काउबॉय, सर्कसवाले, अग्निबाणात बसून निघालेली मंडळी. खोटं कशाला बोला, काम सुरेख होतं. चित्र काचेच्या मागच्या अंगाने छापायचं, म्हणजे सगळं उलट: डोळ्याची बुबुळं आणि ओठाची रेघ आधी, गालाचा रंग मग. आपल्या जुन्या वाड्यांतल्या काचचित्रांची रीत हीच. त्याच्यामागे उजेड अडवणारा आणखी एक थर, मोजक्या जागा तेवढ्या मोकळ्या. त्या जागांमागे दिवा लागला की बाईच्या डोक्यावरच्या ढगात गुणांचा आकडा पेटायचा. इथे ढग होते, बाई होती, दिवा नव्हता. दिव्याच्या धगीने रंगाचे पोपडे निघतात म्हणे. निघतात, कबूल.

पण माझं घोडं अडलं ते दालनाच्या मधोमध. तिथे एक यंत्र अख्खं उभं होतं, चार पायांवर. भोवती मखमली दोरी, जमिनीवर दीड फुटावर पांढरी पट्टी, नाणं टाकायच्या फटीवर चिकटपट्टी आणि वरच्या काचेवर सुबक अक्षरांत पाटी: कृपया स्पर्श करू नये.

पिनबॉलला स्पर्श करू नये! 

म्हणजे पोहण्याच्या तलावावर ‘ओले होऊ नये’. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत घरोघर बॅगाटेल असायचं; खिळे ठोकलेली फळी, एक स्प्रिंग, आणि दर वर्षी एक हरवत जाणाऱ्या लोखंडी गोळ्या. पिनबॉल हा त्याच फळीचा अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेला भाऊ. गोळी हजाराच्या खणाकडे जाता जाता बेत बदलू लागली की आम्ही फळी एका बाजूने हळूच उचलायचो. समोरचा ‘रडीचा डाव’ म्हणून ओरडायचा, आपण ‘कुठे हलवली?’ म्हणायचं. ही विद्या तिकडेही होती. १९४७ पर्यंत तर पिनबॉलला गोळी परतवणारे पंखेही नव्हते. गोळी सोडली की माणसाच्या हाती एवढंच उरायचं: यंत्राला कमरेने ढकलणं, तळव्याने थोपटणं, खांद्याने समजावणं. खेळ म्हणजे ढकलणंच.

त्यावरही इलाज होता. यंत्राच्या पोटात एक ओळंबा. गवंडी भिंत बघायला सोडतो, तसलाच. त्याच्याभोवती एक कडं. धक्का जास्त झाला की ओळंबा कड्याला टेकायचा, ‘टिल्ट’ अशी अक्षरं पेटायची आणि डाव खलास. मला ही यंत्राची अक्कल फार आवडते. हात लाव म्हणतंय, ढकल म्हणतंय, फक्त बेताने म्हणतंय. कुठवर जायचं ते तुझं तू ठरव, चुकलास तर एक नाणं गेलं. इतक्या विश्वासाने माझ्याशी अजून बँकसुद्धा वागलेली नाही.

ही यंत्रं बहुतेक शिकागोतच घडली आणि शिकागोतच ती खेळायला कित्येक वर्षं मनाई होती. न्यूयॉर्कने १९४२ मध्ये जुगार म्हणून बंदी घातली, पोलिसांनी हातोड्यांनी यंत्रं फोडली. ती बंदी उठली १९७६ मध्ये. कशाच्या जोरावर? तर शहराच्या कारभाऱ्यांसमोर खेळून दाखवलं गेलं की गोळी नशिबाने जात नाही, हाताने जाते. हाताने! या यंत्राला ज्याने जामिनावर सोडवलं, तो साक्षीदार म्हणजे माणसाचा हात. त्याच हाताला आज दोरीपलीकडे उभं केलंय, वर सोळा डॉलर घेऊन.

भिंतीवरच्या टिपणात लिहिलं होतं की ही मांडणी ‘स्पर्शाच्या अनुपस्थितीशी संवाद साधते’. मी सांगतो हा संवाद पुढे कुठे जाणार. उद्या आपल्याकडे कॅरम बोर्ड भिंतीवर उभा टांगतील. खाली पट्टी: ‘राणी, लाकूड आणि लाल रंग, बोरिक पावडरचे मूळ अवशेष जतन केले आहेत.’ शेजारी काचपेटीत लोकलची एक कडी, वरून मंद प्रकाशझोत. जिला सकाळी आठ-बाराला तीन माणसं लोंबकळायची तिच्यापासून दीड फूट लांब राहायचं. मग एसटीच्या घंटीची दोरी, ‘ओढू नये’. मग पत्र्याची पिचकारी, कोरडी. गर्दी झाली तर रांग लावायला एक माणूस ठेवतील आणि पाच वर्षांनी तोही काचेत जाईल. हसू नका, सुरुवात झालेली आहे. हमरस्त्यावरच्या कुठल्याही ‘अस्सल मराठी थाळी’च्या दारात जातं बघा, त्यात पाणी आणि पाण्यावर झेंडू. माझ्या आजीने तो खुंटा धरून अर्धं आयुष्य काढलं. तिच्या तळव्याचे घट्टे मी पाहिले आहेत, आणि जात्यात पाणी ओतणाऱ्याला तिने काय म्हटलं असतं ते या वर्तमानपत्रात छापता येणार नाही. सेल्फीसाठी शेजारी सूप ठेवलेलं असतं. तेही खिळ्याने ठोकून, कोणी पाखडायला घेऊ नये म्हणून!

असो. रक्तदाबाची गोळी लेकीच्या पर्समध्ये होती.

ती येईपर्यंत काचांखालच्या चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकींवर ‘चित्रकार: अज्ञात’. हे लोक नोकरीत चित्रं काढत, सही करायची पद्धत नव्हती. त्याखाली मात्र ज्याच्या खासगी संग्रहातून काच आली त्याचं नाव, ठळक टायपात, मधल्या आद्याक्षरासकट. ज्याने हाताने काढलं तो अज्ञात, ज्याने कोणाला हात लावू दिला नाही तो अजरामर.

दालन बंद व्हायला आलं तसा रखवालदार फेरीला निघाला. साठीचा, जाड, पाय दुखत असावेत. मधल्या यंत्रापाशी थांबला. एक पाय आखूड होता, त्याखाली प्रदर्शनाचं माहितीपत्रक घडी करून सरकवलेलं, ते सुटलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, दोरी ओलांडली, पत्रक बुटाने आत ढकललं आणि यंत्राला कमरेचा एक सणसणीत धक्का दिला. आत कुठेतरी बारीक टिंग झालं. ओळंबा कड्याला टेकला असणार. मी काचेकडे पाहिलं. अक्षरं काही पेटली नाहीत. वायर गुंडाळून, रबर लावून, यंत्राखाली नीट ठेवलेली होती.