पंधरा कट्टे आणि एक पैठणी

इंदूरजवळच्या देपालपुरात एखाद्याने गाडी घ्यायची ठरवली, की कुठली घ्यावी हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात विजेची घेतोय म्हटलं, की सल्ल्यांना ऊत येतो. ज्याने आयुष्यात मोबाइलखेरीज काही चार्ज केलेलं नाही, तो माणूस पोह्यांवर जीरावन भुरभुरत मला बॅटरीचं आयुष्य समजावून सांगतो. मी ऐकून घेतो. पोहे त्याच्या पैशाचे असतात.

घरात मात्र नुसतं ऐकून भागत नाही. आमच्याच तालुक्यातल्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं. हिंगोटाचं फळ पोखरायचं, त्यात दारू ठासायची, पेटवायचं आणि समोरच्यांवर फेकायचं. गौतमपुऱ्याचा पक्ष तुर्रा, शेजारच्या रुणजीचा कलगी. महाराष्ट्रात कलगीवाले-तुरेवाले डफावर भांडले, माळव्यात आले आणि थेट आग लावू लागले असं मला कधीकधी वाटतं. तर आमच्या घरी तुर्रा पक्षाच्या प्रमुख सौ., तिला हवी कार. कलगी पक्षाचा धाकटा भाऊ, त्याला हवी पिकअप. मैदान मी.

भावाचं म्हणणं सरळ आहे. शेती तो बघतो. बटाटा, कांदा, लसूण काढायचा आणि मग भाड्याच्या गाडीवाल्याची मनधरणी करायची. ज्या आठवड्यात बटाट्याचा भाव पडतो, त्याच आठवड्यात भाड्याचा चढतो. हे दोन्ही एकमेकांना विचारून करत असावेत. देपालपूरहून हातोद, गांधीनगर करत इंदूरच्या चोइथराम मंडीत जाऊन यायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर. टाटांनी 2025च्या जूनमध्ये एस प्रो ही छोटी पिकअप आणली. तिचं विजेवरचं रूप 6.50 लाखांपासून, माल 750 किलो, एका चार्जवर 155 किलोमीटर. बॅटरी 14.4 युनिटांची, म्हणजे ती पोटभर भरायला एक-सव्वा लिटर पेट्रोलचे पैसे पुरतात.

“पन्नास किलोचा कट्टा धर, दादा. पंधरा कट्टे! जाऊन-येऊन एका चार्जात!”

मुलगी सांगून आल्यावर नवरदेवाचा मामा जसा पगार सांगतो, तसा तो हा आकडा सांगत होता. मी म्हटलं, कंपनी पंधरा कट्टे म्हणते, पण माळव्याला ते तीस ऐकू येतात. टाटांची पहिली एस 2005 साली आली, लोकांनी तिला छोटा हाथी म्हटलं आणि मग हाथी म्हटलाच आहे तर म्हणून लादलंही तसंच. डिझेलचा हाथी रडत-कण्हत मंडी गाठायचा. विजेचा हाथी काही न बोलता नुसता काट्याकडे बोट दाखवतो, आणि हातोदच्या अलीकडे काटा लाल झाला तर बटाटे घेऊन चार्जिंगचं ठिकाण शोधत कोण फिरणार?

“तू आहेस ना,” भाऊ म्हणाला.

सौ.ची बाजू आकड्यांवर उभी नाही, त्यामुळे ती पाडता येत नाही. तशी तिने चौकशी केलेली आहे. टियागो ईव्ही 2022च्या सप्टेंबरात आली तेव्हा 8.49 लाखांपासून होती. चार दारं, पाच माणसं, मागे 240 लिटरची डिकी. भावाने ताबडतोब विचारलं, 240 लिटर म्हणजे लसणाचे कट्टे किती? तिने उत्तर दिलं, “एकही नाही. गाडीला वास लागतो.”

मग कॉमेट निघाली. 2023मध्ये 7.98 लाखांना आलेली ही गाडी लांबीला तीन मीटरसुद्धा नाही. दारं दोन, बसणार चौघं. मला ती आवडली होती, कारण आमच्या गल्लीत दोन म्हशींच्या मध्ये उभी राहू शकेल अशी तेवढी एकच. पुढच्या वर्षी कंपनीने आणखी गंमत केली. गाडी 4.99 लाखांना न्या, बॅटरी भाड्याने, चालवाल त्या प्रत्येक किलोमीटरला अडीच रुपये. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने जपमाळ थांबवली.

“म्हणजे गाडी आपली आणि जीव त्यांचा?”

त्यानंतर त्या योजनेचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही.

खरं भांडण किमतीवरून नव्हतंच, किलोमीटरवरूनही नव्हतं. विजेच्या गाडीची नंबरपाटी हिरवी असते, हे बहुतेकांना माहीत आहे. पण घरची गाडी असेल तर त्या हिरव्यावर अक्षरं पांढरी आणि धंद्याची असेल तर पिवळी. बस, एवढाच फरक. आणि ही पिवळी अक्षरं इंदूरच्या रामबागेत कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवापुढे उभी राहणार, त्यांच्या मागून पैठणी नेसलेली आमची सौ. उतरणार, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. इंदूरचे मराठी नातेवाईक फार सभ्य. तोंडावर काही बोलत नाहीत. “वा, स्वतःची गाडी आणलीत!” एवढंच म्हणतात आणि ‘स्वतःची’वर थोडं थांबतात. होळकरांच्या राज्यात आमचे पूर्वज कारकून होते. हिशेब ठेवायचे, माल वाहायचे नाहीत. दोनशे वर्षं सांभाळलेली ही प्रतिष्ठा पंधरा कट्ट्यांखाली जाणार, यात दुःख आहेच. शिवाय कारकुनाला पेन्शन होती आणि बटाट्याला नाही, हेही खरं.

पिकअप कोण चालवणार, हाही प्रश्न निघाला. मला वाटलं, धंद्याच्या गाडीला वेगळं लायसन लागतं म्हणून माझी सुटका होईल. पण 2024च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगून टाकलं, की साधं हलक्या गाडीचं लायसन असलेला माणूस साडेसात टनांच्या आतली मालगाडीही चालवू शकतो. पाच न्यायाधीश बसून माझ्या रविवारची विल्हेवाट लावतात, तिथे मी काय अपील करणार?

मध्येच भाऊ अमेरिकेला पोचला. तिकडे 2025च्या एप्रिलमध्ये स्लेट नावाची विजेची छोटी पिकअप दाखवली गेली, मागे जेफ बेझोस यांचा पैसा. रंग एकच, करडा. रेडिओ नाही. काचा हाताने फिरवून खाली करायच्या. हवं तर वरून टप आणि मागे सीट जोडा, की झाली कार. सरकारी सवलत धरून किंमत वीस हजार डॉलरांच्या आत जाणार होती, तर त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर सवलतच गेली. रेडिओ काढून घेतला म्हणून लोक रांगा लावतात, ही अमेरिकन श्रीमंती मला झेपत नाही. माळव्यात गाडीला आधी डेक बसतो, मग नंबर येतो. पण भावाचे डोळे चमकले होते. सोमवार ते शनिवार पिकअप, रविवारी कार! मी त्याला आठवण करून दिली, की आपल्याकडे मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी रविवारी परवानगी न काढता माणसाळत नाही. तेव्हा त्यानेच सौ.ला कायदा सांगितला: पुढे दोन सीटा, ड्रायव्हर आणि एक, मागच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही, दंड होतो. सौ. गप्प झाली. मला वाटलं, कार जिंकली.

शेवटी सगळे इंदूरला गेलो, दोन्ही बघून यायला. कॉमेटच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट पाडावी लागते. आई तेवढ्या फटीकडे बघून म्हणाली, “यातून मी आत गेले तर बाहेर काढायला सुईण बोलवा.” पिकअप चालवून पाहिली, तर विक्रेता पोरगा खूश. “भिया, आवाज ही नी आती!” भावाचा चेहरा पडला. मंडीत आपण आलो हे कळणार कसं? पोराने हॉर्न वाजवून दाखवला. भावाचा चेहरा पुन्हा जागेवर आला.

परतताना आईने निकाल दिला. “मला रामबागेत न्यायला भाच्याची गाडी येते. बटाट्याला भाचा नाही.”

यावर तुर्रा पक्षाकडे उत्तर नव्हतं. मी सौ.कडे भीतभीत पाहिलं. ती रागावलेली नव्हती, याची मला जास्त काळजी वाटली.

“घ्या पिकअप,” ती म्हणाली. “पण ड्रायव्हरशेजारची सीट माझी. कायमची.”

“आणि माझे मित्र? इंदूरला निघालो की दोघं-तिघं सोबत असतातच.”

“मागे बसू देत की.”

“अगं, मागे माणसं बसवणं कायद्याने बंद आहे.”

“हो ना,” ती म्हणाली. “भाऊजींनी ते सांगितलं, तेव्हापासून मला ही गाडी आवडायला लागली.”