लबाडाच्या सरळ रेषा

स्तंभालेख, वृत्तालेख म्हटलं की कोनमापक, झिजलेला खोडरबर आणि कडक इस्त्रीतले गणिताचे सर आठवतात. इतकी सोज्ज्वळ आकृती एखाद्या सोज्ज्वळ माणसालाच सुचली असणार, असं आपण धरून चालतो. निघतो मात्र विल्यम प्लेफेअर.

हा स्कॉटिश गृहस्थ १७५९चा. तरुणपणी जेम्स वॅटकडे आराखडे काढायला होता. पुढे चांदीच्या वस्तूंचा धंदा काढला, तो बसला. मग पॅरिसला जाऊन अमेरिकेतल्या जमिनी फ्रेंच लोकांना विकण्याच्या व्यवहारात शिरला, त्यातल्या पैशांचा हिशेब काही नीट लागला नाही. उतारवयात तर ‘तुमच्याविषयीचे कागद माझ्या हाती आहेत’ अशा थाटात एका उमरावाकडून पैसे काढू पाहिले. मुलगी द्यायला कुणी धजावलं नसतं असं स्थळ!

पण १७८६ साली या माणसानं इंग्लंडच्या व्यापाराचा एक अॅटलास छापला. अॅटलास असूनही आत नकाशा एकही नाही, नुसते आलेख. त्यातला डेन्मार्क-नॉर्वेबरोबरच्या व्यापाराचा मी अधूनमधून उगाचच काढून बघतो. एक रेष आयातीची, एक निर्यातीची. १७०० पासून इंग्लंड घेतंय जास्त, विकतंय कमी. १७५५च्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि पारडं फिरतं. मधल्या जागेत रंग भरलेला, अलीकडे तोटा, पलीकडे फायदा. ऐंशी वर्षांच्या जकातीच्या वह्या एका नजरेत वाचून होतात, आणि वर देखण्याही दिसतात. जकातीविषयी असं म्हणायची वेळ क्वचितच येते.

स्तंभालेखाची जन्मकथा तर आणखी गमतीची. स्कॉटलंडच्या व्यापाराचे आकडे त्याला मिळाले ते जेमतेम एका वर्षाचे, १७८०च्या नाताळापासून १७८१च्या नाताळापर्यंतचे. एका वर्षाची रेष कशी ओढणार? मग त्यानं सतरा देशांसाठी आडव्या पट्ट्या काढल्या, आणि हे काही खरं नव्हे अशी कुरकुरही केली. माहिती अपुरी पडली म्हणून केलेली ही तडजोड आज दर निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर नाचते.

१८०१ साली वृत्तालेखासाठी त्यानं वर्तुळ कापलं. पहिला मान तुर्की साम्राज्याचा. आशियाचा वाटा हिरवा, युरोपचा लाल, आफ्रिकेचा पिवळा. सुलतानाचा मुलूख घरच्या पुरणपोळीसारखा वाटून मोकळा!

वॅटला मात्र आपला जुना कारकून माहीत होता. आलेखांबरोबर मूळ आकड्यांचे तक्तेही छाप, नाहीतर सगळं तुझ्या एकट्याच्या शब्दावर उभं राहील, असं त्यानं आधीच बजावलं होतं. हा सल्ला अजून जुना झालेला नाही. जाहिरातीत एक स्तंभ गुडघ्याएवढा आणि शेजारचा ताडमाड दिसला की मी आधी अक्ष कुठून सुरू होतो ते बघतो. शून्याला बहुधा सुट्टी दिलेली असते.

प्लेफेअरला स्वतःला आलेखातून हवं ते पटवण्याचं हे कसब जमलं नाही, याची मला गंमत वाटते. १८२१ साली, साठी उलटल्यावर, त्यानं गव्हाच्या भावाचा आलेख काढला. वर इंग्लंडचे राजे-राण्या ओळीनं, एलिझाबेथपासून चौथ्या जॉर्जपर्यंत. मध्ये भावाचे काळे उंच स्तंभ, तळाशी कारागिराच्या मजुरीची रेष. त्याला सांगायचं होतं की मजुरीच्या मानानं गहू आजच्याइतका स्वस्त कधीच नव्हता. पण भाव आणि मजुरी यांचं गुणोत्तर त्यानं काढलंच नाही. डोळ्यांत भरतात ते गव्हाचे स्तंभच, आणि बघणाऱ्याला वाटतं, बाप रे, केवढी ही महागाई! आयुष्यभर लोकांना नाही नाही ते पटवून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या आलेखातली खरी गोष्ट शेवटी शब्दांत लिहून पटवावी लागली.