पासिंगवाले काका

बदलापुरातल्या प्रत्येक सोसायटीत एक पासिंगवाले काका असतात. स्वतःकडे स्कूटर, तीही बारा महिने कव्हराखाली. पण दुसऱ्याची गाडी पासिंगला जायची म्हटली की यांच्या अंगात येतं. आमचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले. तिथे ते हिशेब खात्यात होते, पण तेवढं ते वगळतात. 'ऑर्डनन्सला होतो' म्हणतात, आणि ऐकणारा आपणहून त्यांच्या हाती तोफ देतो.

परवा तळमजल्यावरच्या टूरिस्टवाल्याची पाळी आली. पिवळी पाटी, 2016 ची गाडी. टूरिस्ट गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी, म्हणजे दरवर्षी कल्याण आरटीओची वारी. त्यात डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा जळत होता. काकांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढून त्याच्यावर डकवली. "झालं! आता बोल, कुठाय दिवा?"

तरी टूरिस्टवाला गाडी घेऊन अंबरनाथच्या मेकॅनिककडे गेलाच. काका पुढच्या सीटवर. मेकॅनिकने स्टिअरिंगखाली स्कॅनर खुपसला. पडद्यावर अक्षरं उमटली: पी 0420.

"चारशेवीस!" काका ओरडले. "गाडी स्वतःच कबूल करतेय बघ!"

धूर साफ करणाऱ्या जाळीचं काम नीट होत नाही असं दिसलं की गाडी हाच आकडा दाखवते, इथेही आणि अमेरिकेतही. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, फसवणूक 318 व्या कलमात गेली. गाडीला ते अजून कुणी कळवलेलं नाही.

मेकॅनिकने शांतपणे समजावलं. सायलेन्सरच्या अलीकडे एक डबा असतो, कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. धूर त्यातून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. प्लग नीट पेटत नसेल तर कच्चं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि जाळी वितळते. आधी प्लग-कॉइल बदला, मग डबा. नाहीतर नवीन डबाही तसाच जाईल.

"नवशिका आहे," काका बाहेर येऊन म्हणाले.

मग काकांचे उपाय सुरू झाले. टाकीत लिटरभर थिनर. जाळी धुऊन निघते. नाहीतर जाळी फोडून काढायची आणि रिकामा डबा परत बसवायचा. 'साहेब काय आत वाकून बघणारे?' जुनी जाळी भंगारवाला हसत घेतो, त्यातला धातू त्याला मालकापेक्षा बरा ठाऊक असतो. आणि अगदीच पैसे वर आले असतील तर उल्हासनगर, जिथे (काकांच्या म्हणण्याप्रमाणे) 'ओरिजिनल' तीन प्रकारांत मिळतं. यापुढे 'मेड इन यूएसए' हा विनोद येतोच. आम्ही हसतो. न हसल्यास ते समजावून सांगतात.

शेवटचा उपाय म्हणजे गाडी काटई रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पिदडायची आणि गरमागरम पीयूसीवाल्यापुढे उभी करायची. एवढ्या एका बाबतीत काका बरोबर आहेत हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. जाळी साधारण तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. पण वितळलेली जाळी तापवून काय होणार? शिवाय नेवाळी नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नव्हे, फक्त काका तापतात.

याच काकांचं दुसरं रूप रात्री अकरानंतर दिसतं. एमआयडीसीच्या बाजूने उग्र वास आला की ते धाडधाड खिडक्या लावतात, ग्रुपवर 'माणसं मारणार का?' लिहितात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र तयार करतात. पत्र मुद्देसूद असतं, वालधुनी नदीसुद्धा त्यात येते. त्यावर सह्या गोळा करताना, उजव्या हाताने पेन पुढे करत, ते मला थिनरचं प्रमाण सांगत होते.

टूरिस्टवाल्याला गाडीवर घर चालवायचं होतं. त्याने गुपचूप प्लग, कॉइल आणि पक्क्या बिलाचा नवा कन्व्हर्टर बसवून घेतला. काकांना काही बोलला नाही, कारण संध्याकाळी तोंड दाखवायचं असतं. पीयूसीवाल्याने नळी घातली. बीएस-फोर पेट्रोल गाडीला आयडलिंगला मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमपर्यंत चालतं. गाडी दोन्हींच्या बरीच खाली. आरटीओतल्या साहेबांनी हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर पाहिले आणि सही केली.

संध्याकाळी गेटवर काका उभेच. "बघितलंस? थिनर!"

टूरिस्टवाला मान डोलावत म्हणाला, "हो काका, तुमच्यामुळेच."

रविवारी पार्किंगमध्ये रंगाच्या दुकानासारखा वास सुटला होता. बी विंगमधल्या तिघांनी टाकीत थिनर ओतून घेतलं होतं. त्यांतल्या एकाची गाडी डिझेलची होती.